कितव्या मिनिटाला?

(गेल्या वर्षी समाजाच्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

समाजाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतील सहकारी, माता-भगिनींनो, माझ्या वयाच्या मित्रांनो आणि मागच्या रांगेत पंख्याखालची जागा धरून बसलेल्या तरुण मंडळींनो,



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापला आहे, ‘नवशिक्या डीजेला काय सांगावं, कसं सांगावं’. तो वाचून मला तीन फोन आले. पहिल्यानं विचारलं, छपाईत चूक झाली का? दुसरे म्हणाले, डीजे बंद करण्यावर बोलणार असाल तर मी पहिल्या रांगेत बसतो. तिसरा फोन इंदूरहून माझ्या मुलीचा. ती फक्त एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही?”

तिचा प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी तबला वाजवला. फ्रीगंजातल्या घराच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षं मुलांना तबला शिकवतो आहे. डीजेचं ते यंत्र मला चालवता येत नाही. त्यामुळे आज मी वाजवणारा म्हणून बोलत नाही, ऐकणारा म्हणून बोलतो आहे. आणि ऐकणारा म्हणून माझ्या हातून जी चूक झाली, तिथूनच सुरुवात करतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. याच सभागृहात, विसर्जनाच्या आदल्या रात्री, आपल्यातल्याच एका मुलानं मित्राकडून यंत्र मागून आणलं होतं. लहानपणी दोन वर्षं तो माझ्याकडे तबला शिकला होता. त्याचा हा पहिलाच कार्यक्रम. अर्धा तास झाला असेल. आरतीला अजून वेळ होता, पण मला तो आवाज सहन होईना. मी उठलो, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “हा गोंगाट आता पुरे.” लोक हसले. काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. त्या मुलानं काही न बोलता वायरी गुंडाळल्या आणि तो मागच्या दारानं निघून गेला. पुढच्या वर्षी तो आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

या वर्षी आषाढात मी त्याला फोन केला. माफी मागितली. तो चांगला बोलला. शेवटी म्हणाला, “सर, एक विचारू? तेव्हा नेमकं काय चुकलं होतं?”

मला उत्तर देता आलं नाही. काय चुकलं ते मला माहीतच नव्हतं, कारण मी ऐकलंच नव्हतं. ‘पुरे’ म्हणायला ऐकावं लागत नाही. चूक दाखवायला मात्र ऐकावं लागतं.

आजचा विषय तिथून निघाला.

आता आपण उज्जैनकर. कालिदासाशिवाय आपलं भाषण पुढे सरकत नाही, आणि इथे तर त्याचीच साक्ष काढायची आहे. ‘मालविकाग्निमित्र’ नाटक आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं किंवा वाचलं असेल. गोष्ट विदिशेच्या राजवाड्यातली. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत भांडण लागतं, श्रेष्ठ कोण? ठरतं असं की शिष्यांनी सादर करून दाखवावं, त्यावरून गुरूची परीक्षा व्हावी. गणदासाची शिष्या मालविका रंगमंचावर येते, गाते, नाचते. परीक्षक म्हणून बसली आहे परिव्राजिका कौशिकी.

आता त्या सभेत ऐकणारे कोण कोण आहेत ते बघा. एक आहे राजा अग्निमित्र. तो मालविकेवर आधीच भाळलेला. तिनं नुसता हात वर केला तरी त्याच्या मनात ‘वा वा’! दुसरा विदूषक. तो मध्येच अडवतो, थांबा, काहीतरी राहिलं आहे. सगळे दचकतात. काय राहिलं? तर म्हणे, पहिल्या प्रयोगाआधी ब्राह्मणाची पूजा करायची राहिली! म्हणजे नृत्याशी काडीचा संबंध नाही. मालविकेला राजासमोर आणखी थोडा वेळ थांबवायचं, म्हणून ही खटपट. आणि तिसरी कौशिकी. ती निर्दोष असा निकाल देते, पण तेवढ्यावर थांबत नाही. शरीराच्या हालचालींतून गाण्याचा अर्थ कसा उमटला, पावलं लयीबरोबर कशी पडली, रसाशी ती कशी एकरूप झाली, हे एकेक करून सांगते. मालविकेला त्या दिवशी कळलं असेल की आपलं नेमकं काय चांगलं झालं.

आपल्या प्रत्येक घरात आणि मंडळात हे तिघे आहेत. राजा म्हणजे आई, मावशी, जिवलग मित्र. “मस्त वाजवलंस रे!” त्यात प्रेम आहे, शिकायला काही नाही. विदूषक म्हणजे भलतंच काहीतरी काढणारे. “ते केस कसले वाढवलेत?” “तुमच्या वयात आम्ही रामरक्षा म्हणायचो.” तीन वर्षांपूर्वीचा मी याच वर्गातला. कौशिकी मात्र फार कमी घरांत सापडते. नवशिक्याला खरी गरज तिची असते.

याच नाटकाच्या सुरुवातीला आणखी एक गंमत आहे. वसंतोत्सवात नाटक करायचं आहे, आणि सूत्रधाराला त्याचा सहकारी विचारतो, भास, सौमिल्ल, कविपुत्र अशी नावाजलेली मंडळी सोडून या आजकालच्या कालिदासाचं नाटक का करायचं? म्हणजे उत्सव होता, मंच होता, आणि खुद्द कालिदास तिथे नवशिका होता! सूत्रधाराचं उत्तर संस्कृत येणाऱ्यांना पाठ असेल. त्याचा आशय एवढाच, की जुनं आहे म्हणून चांगलं ठरत नाही आणि नवं आहे म्हणून वाईट ठरत नाही, शहाणा माणूस पारखून घेतो. आपण कालिदासाचं नाव घेतो, तेव्हा हेही लक्षात ठेवावं.

पण पारखायचं म्हणजे काय ऐकायचं? इथे मला एका मुलीनं शिकवलं. ती त्या मुलाची चुलत बहीण, बारावीत आहे. मला आजोबा म्हणते. गेल्या दिवाळीनंतर घरी आली. मावसबहिणीच्या हळदीसाठी तिनं वीस मिनिटांचं मिक्स केलं होतं. म्हणजे एकात एक गुंफलेली गाणी, मध्ये कुठे खंड नाही. म्हणाली, “आजोबा, तुम्ही तबला वाजवता ना? मग माझी सम कुठे चुकते ते सांगा.”

सम! हा शब्द ऐकून मी चष्मा पुसला.

तिनं फोन पुढे केला, मी तसाच कानाला लावला. ती म्हणाली, “असं नाही. फोनच्या स्पीकरवर खालचा आवाज ऐकूच येत नाही. हेडफोन लावा.” पहिला धडा मला मिळाला. मत द्यायचं असेल तर नीट साधनावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं. आणि दोनदा ऐकायचं. पहिल्यांदा नुसतं, पाय हलतो का ते बघत. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन, शेजारी मिनिटं लिहीत.

मी कागदावर काय लिहिलं ते सांगतो, म्हणजे न शिकलेल्या माणसालाही काय ऐकायचं ते कळेल.

पहिली गोष्ट लय. एक गाणं संपत असताना दुसरं सुरू होतं आणि काही वेळ दोन्ही बरोबर वाजतात. दोघांचा वेग एक हवा. वेग मोजतात मिनिटाला किती ठोके यावर. एक गाणं शंभर ठोक्यांचं आणि दुसरं एकशे एक ठोक्यांचं असेल, तर अर्ध्या मिनिटात दुसरं गाणं अर्धा ठोका पुढे जातं, आणि टांग्याच्या दोन घोड्यांच्या टापा वेगवेगळ्या पडाव्यात तसं ऐकू येतं. हल्लीच्या यंत्रात वेग आपोआप जुळवणारं बटण असतं. तरी चूक होते, कारण जुन्या गाण्यांत ढोलकी माणसानं वाजवलेली आहे. माणूस रंगात आला की लय थोडी चढते. यंत्राची मोजपट्टी सरळ, आणि माणसाची लय जिवंत. तिथे कानच लागतो.

दुसरी गोष्ट सम. तीनतालाचं आवर्तन सोळा मात्रांचं असतं हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. गंमत म्हणजे नाचाच्या गाण्यांतलं एक वाक्यही बहुतेक वेळा सोळा किंवा बत्तीस ठोक्यांचं असतं. नवं गाणं त्या वाक्याच्या आरंभी आणलं तर ते आत शिरलेलं कळतही नाही. मध्येच आणलं, तर लय जुळूनही काहीतरी खटकतं, समेवर न येणाऱ्या तानेसारखं. तिचं दोन ठिकाणी असं झालं होतं.

तिसरी गोष्ट, गायकावर गायक. सहाव्या मिनिटाला दुसऱ्या गाण्यातली बाई गायला लागली तेव्हा पहिल्या गाण्यातल्या बुवांची ओळ संपलेली नव्हती. दोन माणसं एकाच वेळी बोलली की दोघांचंही कळत नाही, तसंच हे.

चौथी गोष्ट खालचा आवाज, ज्याला ही मुलं बेस म्हणतात. दोन गाण्यांचे बेस एकावर एक चढले की नुसता घुमारा होतो. म्हणून नवं गाणं आत घेताना त्याचा बेस आधी कमी ठेवायचा, आणि योग्य ठोक्यावर जुन्याचा उतरवून नव्याचा चढवायचा. डग्गा एकाच वेळी दोघांनी घुमवायचा नसतो, हे मला लगेच पटलं.

पाचवी गोष्ट पट्टी. तबला षड्जाला मिळवल्याशिवाय आपण मैफलीला बसत नाही. इथेही दोन गाण्यांचे सूर एकमेकांशी भांडत असतील तर बरोबर वाजताना कानाला टोचतात. जुन्या तबकडीच्या यंत्रावर वेग वाढवला की सूरही चढायचा. सहा टक्के वेग वाढवला तर जवळपास अर्ध्या स्वरानं. आता सूर जागेवर ठेवणारी सोय यंत्रात असते, पण कुठलं गाणं कुठल्या गाण्याशेजारी बसतं हे ठरवणं माणसाकडेच राहतं.

आणि सहावी गोष्ट सगळ्यांत मोठी, गाण्यांची निवड आणि क्रम. कोणासाठी वाजवतो आहोत? हळदीला आजी खुर्चीत बसलेली आहे, मुलं जेवून आलेली आहेत, नवरीच्या मैत्रिणी तयार होतायत. पहिल्या पाच मिनिटांत सगळा जोर लावला तर पुढे काय वाजवणार? विलंबित, मध्य, द्रुत ही शिडी आपल्या पूर्वजांनी उगीच बांधली नाही.

तर असा माझा कागद भरला. एकूण सात चुका निघाल्या. मी तिला त्या सातही सांगितल्या, अगदी बँकेतल्या तपासणीसारख्या. तिनं सगळं लिहून घेतलं आणि गप्प निघून गेली. आठवड्यानं तेच मिक्स पुन्हा आणलं. सातही ठिकाणी हात लावलेला, आणि सातही अर्धवट. आधी जे चांगलं होतं, तेही बिघडलेलं.

चूक माझी होती. तबल्याच्या नव्या विद्यार्थ्याला मी एका दिवशी सात गोष्टी कधी सांगतो का? ‘धा’ नीट येईपर्यंत ‘तिरकिट’ देत नाही. मग इथे का दिल्या? कारण माझे कान किती तीक्ष्ण आहेत हे दाखवायची मला हौस होती. सांगणाऱ्याच्या मनात ही हौस शिरली की शिकणाऱ्याचं काम थांबतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. आधी तिलाच विचारलं, “तुला यात काय साधायचं होतं? आणि तुला स्वतःला कुठे खटकतं?” ती लगेच म्हणाली, “अकराव्या मिनिटाला.” तिथे एका हिंदी गाण्यातून ती कोळीगीतावर जात होती, आणि काही केल्या जुळत नव्हतं. वेग सारखा करून पाहिला, बटण दाबून पाहिलं, तरी ठेचकाळतच होतं.

मी ऐकलं आणि मला हसू आलं. हिंदी गाणं होतं केरव्याच्या अंगाचं, चार-चार मात्रांचं. कोळीगीत दादऱ्याच्या अंगाचं, तीन-तीनच्या झोक्याचं. चार आणि तीन एकमेकांवर ठेवून नुसता वेग सारखा केला तर बसणार कसं? आपल्या मराठी नाचाच्या गाण्यांत हा तीनचा झोका फार आहे, म्हणून आपल्या मुलांना ही अडचण वारंवार येते. मी तिला टेबलावर दोन्ही ठेके वाजवून दाखवले. म्हटलं, ही दोन गाणी एकावर एक घालू नकोस, एकापुढे एक ठेव. मग वाट तिनंच काढली. हिंदी गाण्याची ओळ पूर्ण होऊ दिली, शेवटचा शब्द घुमत विरत जाऊ दिला, एका श्वासाएवढी जागा सोडली आणि ढोलकी तिच्या स्वतःच्या समेवर सुरू केली. बस्स. बाकीच्या सहा चुका तशाच होत्या, पण ती जागा सुटली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तबल्याच्या मुलांत अनेकदा पाहिलं आहे. पुढच्या महिन्यात तिनं आणखी दोन जागा स्वतःच दुरुस्त केल्या. हळदीला मी गेलो होतो. अकरावं मिनिट आलं तेव्हा नाचणाऱ्या बायका थांबल्या नाहीत, नुसता त्यांचा झोका बदलला.

आणखी एक गोष्ट तिनं माझ्याकडून खोडून घेतली. कागदावर मी एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘हे गाणं बरं नाही.’ ती म्हणाली, “आजोबा, हे तुमच्यासाठी लावलेलंच नाही.” खरं होतं. चूक वेगळी आणि आपली आवड वेगळी. आवड सांगायला हरकत नाही, पण ती आवड म्हणूनच सांगावी.

तेव्हा माझ्या वयाच्या मंडळींना माझी विनंती अशी. पोरानं काही ऐकवलं तर ‘मजा नाही आली’ म्हणू नका, त्या वाक्यावर त्याला काहीच करता येत नाही. ‘सहाव्या मिनिटाला दोघे एकदम गायले’ असं सांगा, त्यावर तो आज रात्रीच काम करील. चांगलं असेल तेही असंच, जागा दाखवून सांगा. खोटं कौतुक करू नका, मुलांना ते लगेच कळतं. पण वीस मिनिटांत एकही जागा बरी निघाली नाही, असं सहसा होत नाही. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा, आणि ती करायची कशी हेही सांगा किंवा दोघं मिळून शोधा. आणि हे सगळं दुसऱ्या दिवशी, घरी, चहा पिताना. मांडवात, लोकांसमोर, ध्वनिक्षेपकावरून कधीही नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण त्या आवाजाचं काय? मीही हृदयाच्या गोळ्या घेणारा माणूस आहे, मला विचारा! त्याबद्दल स्पष्ट बोलायलाच हवं, आणि तेही मोघम नको, आकड्यांत हवं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून देशभर लागू आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक बंद. सणासाठी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षात पंधराच दिवस. २०२३ च्या डिसेंबरात आपल्याच उज्जैनचे डॉ. मोहन यादव मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या अगदी पहिल्या आदेशांत ध्वनिक्षेपक आणि डीजेच्या आवाजावर नियंत्रणाचा आदेश होता, हे तुम्हाला आठवत असेल.

मुलांनो, कायदा बाजूला ठेवा, तुमच्या कानांसाठी सांगतो. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तास ऐकणं ही मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ अर्धी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. तुम्ही स्पीकरच्या शेजारी चार-चार तास उभे राहता. डीजेचं भांडवल म्हणजे त्याचे कान, आणि गेलेले कान परत येत नाहीत. शिवाय यंत्रावरचा लाल दिवा लागला की आवाज मोठा होत नाही, फाटतो. हे ‘गोंगाट’ म्हणून सांगितलं तर मुलगा वायरी गुंडाळून जातो. ‘तुझा लाल दिवा सारखा लागतोय, त्यामुळे ढोलकी फाटतेय’ असं सांगितलं तर तो आवाज खाली आणतो, आणि वाजवणं चालू ठेवतो. मला आवाज कमी व्हायला हवा होता, मुलगा नव्हे.

आता दोन शब्द मागच्या रांगेसाठी.

तुमच्या या कलेला कमी समजू नका. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ ला एका मुलीनं शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला एका इमारतीच्या सामायिक दालनात पार्टी ठेवली. वाजवायला तिचा भाऊ. पुढे डीजे कूल हर्क म्हणून तो प्रसिद्ध झाला. गाण्यात ज्या तुकड्यावर लोक सर्वांत जास्त नाचतात तोच तुकडा, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या वापरून, तो लांबवत न्यायचा. हे त्याला कसं सुचलं? तो नाचणाऱ्यांकडे बघत होता. तुम्हीही पडद्यावरून मान वर काढा आणि माणसांकडे बघा. हा सल्ला मी दर वेळी देतो, आणि दर वेळी तो लागू पडतो.

कोणी चूक दाखवली तर लगेच खुलासा करू नका, ‘ते यंत्र उधारीचं होतं’, ‘वायर ढिली होती’. असेलही. पण आधी ऐका. आणि कोणी मोघम बोललं, चांगलं किंवा वाईट, तर नम्रपणे एकच प्रश्न विचारा, “कितव्या मिनिटाला?” ज्यानं ऐकलं असेल तो सांगेल. ज्यानं ऐकलं नसेल तो पुढच्या वेळी ऐकेल. माझ्या बाबतीत तसंच झालं.

सुरुवातीला दुसऱ्याची नक्कल होते, त्याची लाज बाळगू नका, आणि मोठ्यांनो, तुम्ही त्यावरून टोचू नका. इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवासला कुमार गंधर्व १९४८ पासून अखेरपर्यंत राहिले. लहानपणी ते मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसं गात, त्यावरच त्यांचं नाव झालं. मग मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे ते शिकले. देवधर सगळ्या घराण्यांचं गाणं मोकळ्या मनानं ऐकणारे गुरू. त्या नक्कल करणाऱ्या मुलातून पुढे जे गाणं निघालं, ते कोणासारखंच नव्हतं. प्रत्येक मुलगा कुमार होत नाही, हे मला कळतं. पण तबकडी ऐकून सुरुवात करणाऱ्याला वेळ द्यावा, एवढं त्यावरून घेता येतं.

आपल्या गणेशोत्सवाचा मंच पहिल्यापासून नवशिक्यांचाच आहे. मेळ्यांच्या काळात वाड्यातली पोरं महिनाभर तालीम करून इथेच पहिल्यांदा उभी राहत. कोणाचा सूर लागायचा, कोणाचा नाही. आज माझ्यासमोर बसलेल्या किती तरी जणांनी पहिलं गाणं, पहिलं नाटुकलं, पहिलं भाषण याच मंचावर केलं. मीही पहिल्यांदा तबल्याला बसलो तो गणपतीतच, आणि लय इतकी पळवली की गाणाऱ्या काकू मध्येच थांबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी आल्या, आईशी बोलल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, “दुसऱ्या अंतऱ्यापासून पळायला लागलास. तिथे मनात मोजत जा.” एवढंच. साठ वर्षं झाली, दुसरा अंतरा आला की मी अजून मनात मोजतो.

शनिवारी बालगोपाळांच्या कार्यक्रमानंतर अर्धा तास मोकळा आहे. अध्यक्षांच्या परवानगीनं मी तो त्या मुलासाठी मागून घेतला आहे. त्याला विचारलं, येशील का? येतो म्हणाला नाही. “बघतो, सर,” म्हणाला. आला तर मी तिसऱ्या रांगेत कागद-पेन्सिल घेऊन बसणार आहे. तुम्हीही या. नाचा, नाहीतर नुसते ऐका. त्या रात्री त्याला कोणी काही सांगू नका. जे सांगायचं ते रविवारी सकाळी, माझ्या घरी. पोहे-जिलेबी मी आणतो.

आणि त्यानं तीन वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारला, तर या वेळी माझ्याकडे उत्तर असेल.

गणपती बाप्पा मोरया!